चार नंबरच्या मशीनची अक्षरं

गफ्फार मास्टर वेडा झाला की नाही, हे विचारायला त्याचा मुलगा आधी माझ्याकडे आला होता. डॉक्टरकडे तो नंतर गेला. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझ्याबद्दल उगाच चांगलं मत करून घ्यायला नको.

मी विमल. पांढरकवड्यात तहसिलीमागच्या गल्लीत तेहतीस वर्षं मराठी टायपिंगची संस्था चालवली. बारा मशिनी होत्या. या भागात कारकून म्हणून जे कुणी चिकटले, त्यातल्या निम्म्यांची बोटं माझ्या पट्टीनं सरळ झालेली आहेत. गफ्फार माझ्या मशिनींचा मेकॅनिक. दर शनिवारी तेलाची कुपी, ब्रश आणि चिमटा घेऊन यायचा. माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठा, तरी मला ताई म्हणायचा. तोंडावर मी त्याला अहोजाहो करायची, मनात मात्र एकेरीच. इथंही एकेरीच लिहिते, कारण इथं मनातलंच लिहायचं आहे.

मेकॅनिक हे त्याचं पोटापाण्याचं. खरा तो गुलशन बेंजो पार्टीचा मालक आणि मास्टर. बाहेरच्यांनी बेंजो पाहिला नसेल तर सांगते. लाकडी पेटीवर तारा ताणलेल्या असतात आणि त्यांच्यावर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हातानं बटण दाबायचं, उजव्या हातातल्या नखीनं तार छेडायची. लग्नाची वरात असो, नवरात्र असो की जयंती, त्या काळी बेंजो नसेल तर लोक कार्यक्रम झाला असं धरत नसत.

आणि मास्टरचा थाट काय विचारता! एक टुरिंग टॉकीज बंद पडली तेव्हा तिचा लाल मखमली पडदा यानं विकत घेतला आणि त्याचा घोट्यापर्यंतचा कोट शिवला. उरलेल्या कापडाची टोपी. डोळ्यांत सुरमा, बोटांत तीन अंगठ्या, तिन्ही नकली. पार्टी आधी वाजवायला लागायची आणि हा मुद्दाम उशिरा, लोकांच्या मधून, दोन्ही हात वर करून चालत यायचा. स्टेजवर चढला की माइकसमोर कमरेत वाकायचा. "मेहरबान, कदरदान! मैं आपका खादिम, मास्टर गफ्फार पांढरकवडेवाले. सूरत भूल जाइए, उंगलियाँ याद रखिए!" मग चमच्यानं वाजव, बिडीच्या बंडलानं वाजव, बेंजो पाठीवर घेऊन उलट्या हातांनी वाजव. पेटीच्या झाकणावर त्यानं आरसा बसवला होता. त्यात स्टेजवरचा दिवा पकडायचा आणि तो कवडसा गर्दीत कुणाच्या तरी तोंडावर मारायचा. माणसं लाजायची, हसायची, खूश व्हायची.

त्याची एक गोष्ट मात्र मी मान्य करते. एकदा ढाणकीला कुणी तलाठी हट्टानं माइक घेऊन गायला उभा राहिला आणि असा गायला की स्टेजखाली झोपलेली कुत्री उठून गेली. लोक हुर्यो करणार, तेवढ्यात मास्टर उठला आणि ओरडला, "तालियाँ! दिल से गाया है साहब ने!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तलाठी मान ताठ ठेवून खाली उतरला. पुढच्या शनिवारी हे सांगताना मास्टर मला म्हणाला होता, "स्टेजवर पडलेल्या मानसाले उचलून नाही नेत, ताई. टाळ्या वाजवाच्या, अन त्या आवाजात त्याले त्याच्या पायानं जाऊ द्याचं."

शहाऐंशी साली माझी चार नंबरची मशीन टेबलावरून पडली आणि तिचा सांगाडा वाकला. मास्टर म्हणाला, "लोखंड भंगारात द्या ताई, बटनं मले द्या." बेंजोची जुनी बटणं काढून त्यानं ही बसवली. पहिल्यावर ग लावला, स्वतःच्या नावाचा. पुढची हाताला आली तशी. त, ल, म, व, र. झालं, त्याचा बेंजो मराठी बोलायला लागला. सारेगम त्याला कधी आलंच नाही. आता त्याला गतलम आलं. नवी चाल सुचली की तो अक्षरांनी लक्षात ठेवायचा.

मग त्याच्या डोक्यात आलं की चाली कागदावर पाहिजेत. "स्टँडवर कागद पाहिजे, ताई. कागद दिसला का लोक चूप बसतात." शनिवारी काम संपलं की तो स्टुलावर बसायचा, डोळे मिटून हवेत बोटं हलवायचा आणि मला अक्षरं सांगायचा. मी टाइप करायची. ग ग त ल. ग ग त व. अशा चार चाली मी पिवळ्या कागदांवर टाइप करून दिल्या. त्याच्या स्वतःच्या चाली होत्या त्या, सिनेमातून उचललेल्या नव्हेत. ते कागद वाचता येणारी जगात दोनच माणसं होती, एक तो आणि एक मी. पार्टीतल्या कुणाला त्याची गरजच नव्हती. हरिसिंग ढोलकवाला तर म्हणायचा, मास्टरनं कोर्टाची नोटीस लावली आहे समोर.

आता अठ्ठ्याऐंशी सालचं सांगते. मी सव्वीस वर्षांची होते. मुकुटबनच्या एका घरी माझं जवळजवळ ठरलं होतं. मुलगा शिक्षक होता. मला आवडला होता. हे मी तेव्हा कुणाला बोलले नाही, आता बोलायला हरकत नाही. नवरात्रात केळापूरला देवीच्या यात्रेत मास्टरचा कार्यक्रम होता आणि आम्ही घरची सगळी गेलो होतो.

या कार्यक्रमांत नाव पुकारायची रीत असते. लोक चिठ्ठीबरोबर नोट वर पाठवतात आणि मास्टर माइकवर नाव घेतो, अमक्यांच्या फर्माइशीवर, तमक्यांच्या खुशीसाठी. नोट आल्याशिवाय त्यानं बापाचंही नाव पुकारलं नसतं. त्या दिवशी त्यानं चौथी चाल वाजवायच्या आधी नखी खाली ठेवली. कोट सावरला. म्हणाला, "ये धुन किसी की फर्माइश नहीं. ये उन उंगलियों के नाम, जिन्होंने मुझ अनपढ की धुन को कागज पर उतारा. कुमारी विमल, पांढरकवड्याची टायपिंगवाली!" आणि आरशातला कवडसा नेमका माझ्या तोंडावर आणून थांबवला. तीन हजार माणसं वळून माझ्याकडे बघत होती. त्यांत त्या मुलाचा मामाही होता.

आठ दिवसांत निरोप आला. कारण कुणी तोंडावर सांगत नाही, पण ते पोचतंच. "भर जत्रेत बेंजोवाल्या मियानं नाव घेतलेली पोरगी." एवढंच वाक्य. माझा थोरला भाऊ सदाशिवराव, त्यानं संस्थेला महिनाभर कुलूप लावलं. नंतर आणखी दोन स्थळं आली. माझ्या आधी ते वाक्य त्यांच्या घरी पोचलेलं असायचं. मग स्थळं यायची थांबली आणि मी पट्टी हातात घेऊन पोरांच्या बोटांवर मारत म्हातारी झाले.

संस्था उघडली त्या शनिवारी मास्टर कुपी घेऊन हजर. तोंड भरून हसत होता. "कसं वाटलं ताई, केळापूरले?" मी म्हटलं, सात नंबरची रिबीन सटकते आहे, ती बघा. त्यानं बघितली. मी त्याला चहा दिला. घरी जाऊन पिवळ्या कागदांच्या माझ्याकडच्या नकला बारीक फाडल्या. पुढं एकोणतीस वर्षं तो दर शनिवारी आला आणि एकोणतीस वर्षं मी त्याला एका शब्दानं काही बोलले नाही. लग्न मोडलं हे त्याला ठाऊक होतं. का मोडलं, हे ठाऊक नव्हतं. त्यानं माफी मागितली नाही म्हणून मी आतून जळत राहिले, आणि माफी कशाची मागायची हे त्याला कळू दिलं नाही.

दिवस फिरले. टायपिंग कॉम्प्युटरवर गेलं, मी संस्था बंद केली. दहा मशिनी गेल्या, एक घरी ठेवली. वराती डीजेवर गेल्या. हरिसिंग कोरोनात वारला आणि गुलशन पार्टी संपली. मास्टरचा थाट मात्र तसाच. लाल कोट घालून तो दूध आणायला जायचा. रेशन दुकानाच्या रांगेत स्वतःचं नाव पुकारून घ्यायचा. समोरून गाय आली तर टोपी काढून बाजूला व्हायचा. तरुणपणी याला लोक कला म्हणायचे. पंच्याहत्तरी ओलांडल्यावर त्यालाच लक्षणं म्हणायला लागले.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर, कापूस वेचणी ऐन भरात होती तेव्हा, त्याचा मुलगा जमीर माझ्याकडे आला. जमीरचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. सरळ मुलगा आहे, बापाचा एकही नखरा त्याच्यात नाही. हातात शंभर पानी वही होती.

"ताई, अब्बाचं काही खरं नाही," तो म्हणाला.

"काहून? काय झालं?"

"दिवसभर लिहून राह्यले. अकरा वह्या भरल्या. वही सरली त लग्नपत्रिकेवर, लाइट बिलावर. परवा गझालानं हॉलले नवा रंग देल्ला, त भितीवर लिहिलं कोळशानं. अन लिहिते काय, त नुसती अक्षरं. ना शब्द, ना मतलब. इचारलं त म्हनते, गानं आहे. मेल्यावर कोनी तरी वाजवीन म्हनते."

त्यानं वही पुढं केली.

"अब्बा म्हनते, विमलताईकडे घेऊन जा, तिले वाचता येते. तुमी पाहा ताई. तुमी म्हनान का यात काही आहे, त मी लिहू देतो त्यायले. सारं घर रंगवलं तरी लिहू देतो. काही नसन, त मंग यवतमाळले डोक्याच्या डॉक्टरले दाखवतो अन बेंजो बंद करतो. तुमी सांगान थे खरं."

मी चष्मा लावला आणि वही उघडली. पहिल्याच पानावर वर लिहिलं होतं, "टायपिंगवाली. केळापूर." खाली ओळी होत्या. ग ग त ल. ग ग त व. म म व र.

पस्तीस वर्षांत मी ती चाल आठवली नव्हती. अक्षरांवरून डोळे फिरले आणि ती आपोआप डोक्यात वाजायला लागली, अगदी नखीच्या खणखणाटासकट. मामाचं वळलेलं तोंड दिसलं. त्या शिक्षकाचं नावही आठवलं, जे मी मोठ्या मेहनतीनं विसरले होते. माझ्या अब्रूचा त्या माणसानं एकदा जाहीर कार्यक्रम केला होता. आता तो पहिल्या पानावर लिहून, नाव देऊन, मेल्यावरही वाजवला जावा अशी सोय करत होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

वही मिटली. चष्मा काढला.

"काही नाही," मी म्हटलं. "नुसती अक्षरं आहेत."

जमीरचं तोंड उतरलं. त्याला दुसरं उत्तर हवं होतं. "पक्कं ना, ताई?"

"तेहतीस वर्ष टायपिंग शिकवलं म्या. मले अक्षर कळत नाही काय?"

तो उठला. वही न घेताच गेला. मीही आठवण करून दिली नाही.

त्या दिवशी मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? दोन दिवस अगदी हलकं वाटलं. तिसऱ्या दिवसापासून त्या वहीकडे पाठ करून बसायची सवय लावून घेतली. मग संक्रांत झाली, तुरीची मळणी झाली. मास्टर दुधाला जाताना दिसेनासा झाला होता. मी कुणाला विचारलं नाही.

बाजारात त्याची बायको हुस्नाबी भेटली. आयुष्यभर भोंग्याशेजारी बसून तिचे कान गेलेले, त्यामुळं ती मोठ्यानं बोलते. भरल्या बाजारात तिनं माझा हात धरला.

"लय उपकार झाले ताई तुमचे! तुमी सांगतलं अन घर शांत झालं पाहा. डॉक्टरनं गोळ्या देल्ल्या. पन गोळ्याचं काही नाही, तुमच्या शब्दाचाच असर झाला. बेंजोले हातच लावत नाही मानूस."

"अन वह्या?" मी विचारलं. तिला ऐकू गेलं नाही. पुन्हा विचारलं.

"त्याईनंच न्हानीच्या चुलीत घातल्या! रोज एक. दहा दिवस दहा वह्या. पानी मस्त तापे बाप्पा!"

वांगी तिथंच टाकून मी घरी आले. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. दुपारी वही पिशवीत घातली आणि मास्टरच्या घरी गेले. इतक्या वर्षांत मी त्या घरी कधी पाय ठेवला नव्हता.

जमीर नमाज पढून जेवायला घरी आला होता. सून गझाला चहा टाकायला आत गेली. हॉलची भिंत नव्यानं रंगवलेली होती, पण पिवळ्या रंगाखालून कोळशाचा एक ग अजून दिसत होता. लाल कोट कूलरवर झाकण म्हणून टाकलेला. मास्टर खाटेवर बसला होता, पांढऱ्या सदऱ्यात, डोळ्यांत सुरमा नाही. मी त्याला थाटाशिवाय पहिल्यांदाच पाहत होते. दुकानात तराजूमागं बसणारा कुठलाही म्हातारा वाटला असता.

"या ताई," तो म्हणाला. वाकला नाही, हात वर केले नाहीत.

मी उभ्या उभ्याच बोलून टाकलं. "मास्टर, मी खोटं बोलले. या वहीत गाणं आहे. मले वाचता येते. त्या दिवशी जमीरले खोटं सांगतलं म्या."

जमीरनं हातातला घास खाली ठेवला. मास्टर माझ्याकडे बघत राहिला आणि मग हसला. समजूत काढताना हसतात तसं.

"तुमी काहून खोटं बोलान, ताई? एका अक्षरासाठी पोरं नापास करे तुमी. साहेबाच्या पोरालेही सोडलं नाही."

"रागानं बोलले."

"कायचा राग?"

मग मी सांगितलं. केळापूर, कवडसा, मामा, मुकुटबनचा निरोप, दादानं लावलेलं कुलूप, ते वाक्य, सगळं सांगितलं. पस्तीस वर्षं जे घशाशी होतं, ते त्या हॉलमध्ये सुनेसमोर, मुलासमोर ओतलं.

मास्टरनं शेवटपर्यंत ऐकलं. हुस्नाबीला काही ऐकू येत नव्हतं, ती नुसती मान हलवत होती.

"थे नाव त म्या इज्जतीनं पुकारलं होतं," तो हळू म्हणाला. "साऱ्या जिंदगीत फुकट पुकारलेलं एकच नाव." मग त्यानं मान हलवली. "नाही ताई. एकोणतीस वर्ष दर शनवारी चहा पाजला तुमी मले. मनात असं असतं त चहा पाजला असता काय? माह्यावर दया आली म्हनून एवढी मोठी गोष्ट रचली तुमी. लय मोठं मन आहे तुमचं."

माझं अख्खं आयुष्य त्यानं माझ्या चांगुलपणात जमा करून टाकलं. मी वही उघडून त्याच्यापुढं धरली. "तुम्ही वाजवा. मी अक्षरावर बोट ठेवतो. सारे पाहतीन."

"जमीरनं कसम घातली हाय हात न लावाची." मग त्यानं आवाज आणखी खाली आणला. "अन कसम नसती तरी काय? तुमी सांगतल्यावर म्या एकदा वाजवून पाह्यलं होतं. मले बरोबरच ऐकू आलं. तेच त खराब आहे ना, ताई. पागलाले आपलं आपल्याले बरोबरच ऐकू येते. मंग म्या म्हटलं, जिले वाचता येते तिलेच नाही दिसलं, त माहं डोकंच खराब असन."

"बेंजो आन," मी जमीरला म्हटलं.

"ताई, राहू द्या ना."

"आन म्हनतो ना."

त्यानं कपाटावरून पेटी काढली. चादरीत गुंडाळलेली. मी खाली बसले, वही समोर उघडली. बटणांवर माझ्या चार नंबरच्या मशीनची अक्षरं, घासून अर्धी गेलेली, पण मला अंधारातही ओळखता आली असती. डावा हात बटणांवर ठेवला. उजव्या हातात नखी धरली.

मी वाजवलं. एकही अक्षर चुकलं नाही, हे मी शपथेवर सांगते. ग ग त ल, ग ग त व. प्रत्येक बटण बरोबर दाबलं, प्रत्येक वेळी तार छेडली. पण टायपिंगमध्ये आम्ही पहिल्या दिवसापासून एकच शिकवतो. प्रत्येक अक्षराला सारखा वेळ, सारखा जोर. बोट रेंगाळलं की पट्टी. तेहतीस वर्षं मी हेच शिकवलं आणि माझ्या बोटांना दुसरं काही येतच नाही. कुठं थांबायचं, कुठं पळायचं, कुठलं अक्षर ओढायचं आणि कुठलं नुसतं शिवून सोडायचं, हे वहीत लिहिलेलं नव्हतं. ते त्याच्या डोक्यात होतं. माझ्या डोक्यात चाल पूर्ण वाजत होती आणि बोटांतून निघत होता तो टायपिंगचा तास. टण टण टण टण. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मग पुन्हा.

तिसऱ्या वेळी मी मान वर केली. गझाला चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती आणि कुठं बघावं हे तिला कळत नव्हतं. जमीर ताटाकडे बघत होता. मास्टर डोळे मिटून, मान तिरपी करून ऐकत होता, आणि त्याच्या तोंडावर आशा होती ती मी पाहिली. ती हळूहळू गेली, तेही पाहिलं.

माझे हात थांबले.

तेव्हा मास्टर खाटेवरून उठला. कूलरवरचा कोट ओढून त्यानं खांद्यावर टाकला. कमरेत वाकला. किती तरी दिवसांनी त्याचा तो स्टेजवरचा आवाज निघाला. "तालियाँ! दिल से बजाया है! कुमारी विमल, पांढरकवड्याची टायपिंगवाली!" आणि स्वतः टाळ्या वाजवायला लागला. जमीरनं वाजवल्या. गझालानं ट्रे खाली ठेवून वाजवल्या. हुस्नाबीला काही ऐकू आलं नव्हतं, तीच सगळ्यांत जोरात वाजवत होती.

ढाणकीच्या तलाठ्याला त्या टाळ्यांचा अर्थ कळला नव्हता. मला कळला. मी उठले आणि चपला शोधायला लागले.

मास्टरनं कोट पुन्हा कूलरवर टाकला. खाली वाकून वही उचलली, धूळ झटकली आणि हुस्नाबीच्या हातात दिली. "घे," तो तिच्या कानाशी मोठ्यानं म्हणाला, "उद्याच्या पान्याले."

ती वही घेऊन न्हाणीकडे गेली. मला अडवायचं होतं. पण काय म्हणून अडवणार होते? तिच्यात काही नाही, हे मीच तर सांगितलं होतं.